थकलेल्या पायाचं माप

८ जानेवारी, गुरुवार

आमची गाडी उंच करायचं ठरलं आणि मला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. म्हातारा जेवता जेवता बोलला, नातवाने मान हलवली, सुनेने ताटं उचलली, संपलं. मी म्हणजे या घरातली खुंटी. पिशव्या अडकवायच्या आणि विसरून जायचं.

तर नमस्कार. ही डायरी नातवाच्या दुकानाची. गिऱ्हाइकांना वाटायला छापून घेतल्या, वर झकास गाडीचं चित्र, आणि खाली फोन नंबर भलत्याच माणसाचा. तेव्हापासून गठ्ठा माझ्या पलंगाखाली पडलाय. पानं कोरी आहेत, मला चौथीपर्यंतची अक्षरं येतात, आणि माझं वाक्य शेवटापर्यंत ऐकून घेईल असं माणूस या घरात नाही. म्हणून लिहिते.

नातवाला सगळे पान्या म्हणतात. लहानपणी खेळणी सोडून पाना उशाशी घेऊन झोपायचा. आता पिकअप गाड्या उंच करायचं त्याचं दुकान आहे. जमिनीला धरून चालणारी शहाणी गाडी लोक आणून देतात. हा तिच्याखाली स्प्रिंगचे नवे पाटे घालतो, हादरे खाणारे नवे शॉकप घालतो, रेड्याच्या मानेएवढे जाड टायर लावतो. मग ती गाडी अशी उभी राहते, जशी काही तिला कोणी शिवी दिलीय. त्याचं लोकांना कौतुक.

आमची पिकअप म्हाताऱ्याची. तिच्यावर त्याने जन्मभर लोकांचं सामान वाहिलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्यालाच वाहून दवाखान्यात नेते. त्याच्या किडन्या गेल्या. मशीन रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत घालतं. नाही गेलं तर अंगात पाणी साठतं आणि छातीत चढतं. हे डॉक्टरने मला दोनदा सांगितलं. म्हाताऱ्याला एकदाच सांगितलं, कारण तो खिडकीतून खालच्या गाड्या बघत होता.

आहे त्या उंचीवर चढताना तो दाराला लोंबकळतो. आणि म्हणे अजून उंच करा. दुकानासमोर नमुना म्हणून उभी राहील, बघून गिऱ्हाईक येईल. कल्पना त्याचीच. दातांच्या मागोमाग अक्कल पण गळायला लागलीय.

९ जानेवारी, शुक्रवार

मशीनचा दिवस. पान्या चालवायला, मी मध्ये, म्हातारा खिडकीशी. आत त्याचं रक्त धुतात तोवर मी बाहेरच्या बाकावर बसून लोकांच्या चपला बघते. तिथली नर्स ताठ आहे, मला आवडते. वजन जास्त भरलं की झापते. "आजोबा, पाणी कोणी दिलं?" म्हातारा सरळ माझ्याकडे बोट करतो. खरं तर मी दिवसाला एवढासा पेला देते, त्यातच गोळ्या गिळायच्या. बाकीचा दिवस त्याची नजर पाण्याच्या जगवर असते. त्या नजरेने जग रिकामा झाला असता.

डाव्या हातावर सुया टोचायची नस फुगवून ठेवलीय. बोट ठेवलं तर आत गुरगुरते. म्हातारा म्हणतो, इंजिन चालू राहिलंय, चावी कुठे पडली कोण जाणे.

घरी आलो तर नर्सचाच फोन, पुढची वेळ बदलली म्हणून. आम्हा दोघांत एक फोन, तो फळीवर असतो. म्हातारा त्याला हात लावत नाही. लग्न झाल्यापासून बाहेरच्या माणसाला उत्तर द्यायचं खातं माझ्याकडे. दारावर कोणी भांडायला आलं, मी. यांचं सामान उशिरा पोचलं, शिव्या ऐकायला मी. फोन वाजला की तो माझ्याकडे असा बघतो, जसा काही माझ्या पोटात वाजतोय.

१२ जानेवारी, सोमवार

आज दुकानात माप घेतलं. दुकान गल्लीच्या टोकालाच, तरी म्हाताऱ्याला गाडीतून न्यावं लागतं.

पान्याच्या दुकानाचा एक नियम आहे आणि तो म्हाताऱ्याने घालून दिलाय. दुकान उघडलं तेव्हाच म्हणाला होता, गाडी किती उंच करायची ते मालकाला ठरवू द्यायचं नाही. मालक मिशीला पीळ देत येणार. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस आणायला सांगायचं. त्याने भिंतीशी उभं राहून पाय उचलेल तेवढा उचलायचा, तिथे खडूने रेघ मारायची. गाडीची पायरी त्या रेघेच्या वर जाता कामा नये. भिंतभर रेघा आहेत. कोणाची आई, कोणाचा गुडघे गेलेला बाप. एरवी टायरचा काळा वास आणि आरडाओरडा असलेलं ते दुकान, पण त्या भिंतीजवळ मोठे मोठे गडी पण हळू बोलतात.

मागे एक गिऱ्हाईक सासूला घेऊन आला होता. बाईने बिचारीने पाय उचलला, रेघ मारली. तिला बाहेर खुर्चीत बसवून जावईबापू परत आत आले आणि पान्याच्या कानाशी म्हणाले, "याच्या एक इंच वर घे." दुकानभर सगळे हसले. म्हातारा तर ठसका लागेपर्यंत हसला. घरी येऊन त्याने मला सांगितलं, सुनेला सांगितलं, आज जाताना गाडीत परत सांगितलं. नवीन विनोद मिळेनात, दुसरं काय.

आमच्या घरातलं थकलेलं माणूस म्हणजे हाच. मला वाटलं वीतभर उचलेल. न्हाणीचा उंबरा ओलांडताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकणारा माणूस. तर याने मागच्या टायरच्या रॅकला हात घातला, दात आवळले आणि पाय नेला गुडघ्याच्या वर. पान्या खडू धरून बघतच राहिला. मारली रेघ. म्हातारा म्हणतो, "अजून बोटभर वर घे. आज उपाशी आहे."

मला इतका राग आला. म्हणजे घरात माझ्यासमोर सोंग? परत येताना मी सांगितलं, उद्यापासून उंबरा आपला आपण ओलांडायचा. तो बरं म्हणाला. संध्याकाळभर तो पाय चादरीखाली थरथरत होता. सोंगाला पण कष्ट पडतात.

१५ जानेवारी, गुरुवार

डबा घेऊन दुकानात गेले तर आमची गाडी जॅकवर, चाकं काढलेली. पोट दिसत होतं तिचं. मी दुसरीकडे बघितलं. म्हातारा शेजारी स्टुलावर बसून पान्याला हुकूम सोडत होता. जुने पाटे आणि जुनी चाकं भंगारात टाक म्हणाला. पान्या म्हणाला, राहू दे आजोबा, कधी लागली तर. म्हातारा म्हणाला, लागणार नाहीत. पान्याने ती मागे ताडपत्रीखाली सरकवली. त्या मुलाला कधी काही फेकवत नाही. त्याच्या आईने तुटकी चप्पल टाकली तरी हा उचलून आणतो.

घरी आल्यावर म्हाताऱ्याला नवीन खूळ. मला जिन्याखाली नेलं आणि पाण्याच्या पंपाचा कॉक कुठला, आधी कुठला बंद करायचा, हवा भरली तर काय करायचं, सगळं दाखवलं. मग माझ्याकडून करून घेतलं. हे काम कायम त्याचं. मी म्हटलं, तुमच्या वाट्याला एवढं एकच काम उरलंय, ते पण माझ्या गळ्यात? म्हणतो, "हात बसू दे तुझा." माझे कपडे भिजले.

१६ जानेवारी, शुक्रवार

गाडी अजून जॅकवर, म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मोटारीतून मशीनला गेलो. शिंपी चांगला माणूस, स्वतःहून आला. म्हातारा वाटभर कुरकुरला. सीट खोल, गुडघे तोंडाशी येतात, आत बसलं की विहिरीत बसल्यासारखं. उंच चालते, खाली चालत नाही. राजा आहे.

१८ जानेवारी, रविवार

गाडी झाली. पान्या दोन इंच म्हणत होता आणि उभी राहिली ती सहा इंच वर, शिवाय टायरांनी चढवली ती वेगळी. मी पुढे उभी राहिले तर बोनटवरून मी कोणाला दिसेना. सून म्हणाली, आई, तुम्ही समोरून जाऊ नका बाई. रस्त्यावरची माणसं येऊन फोटो काढत होती. पान्याने म्हाताऱ्याला खुर्ची टाकली. म्हातारा हात मांडीवर ठेवून बघत बसला, खूश होता. आपलं काम नीट झालं की तो पूर्वी असा बसायचा.

पान्या मला म्हणाला, "आजी, आजोबांनी एवढं मन कशात घातलेलं मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं." हरखला होता. मी मनातल्या मनात गाडीच्या दाराशी म्हाताऱ्याला उभा करून बघत होते आणि तो काही बसेना.

२० जानेवारी, मंगळवार

नाही चढला.

सीट त्याच्या छातीला आली. त्याने पाय उचलला, तो पायरीच्या बराच खाली हवेत राहिला. परत उचलला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की भिंतीवरची ती रेघ रॅकची होती, पायाची नव्हती. बढाई मारायची खोड. नातवासमोर तरणाबांड दिसायचं होतं. मी तिथेच तोंड सोडलं. तो ऐकत उभा राहिला.

पान्या दुकानातून स्टूल घेऊन आला. म्हातारा म्हणाला, "मी काय दिवा बदलायला चाललोय?" आणि परत घरात जाऊन खुर्चीत बसला. शिंपी गावाला गेलेला. पान्या दुसरी गाडी शोधायला पळाला, ती मिळेपर्यंत मशीनवर दुसऱ्याचा नंबर लागला.

नर्सचा फोन आला. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सर्दी झालीय त्यांना. ती म्हणाली, मशीनला सर्दी चालते, घेऊन या. ठेवला फोन. मी खोटं बोलले तेव्हा म्हाताऱ्याने हळूच नाक ओढलं. हसू आलं मला, त्याचाही राग आला.

२३ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस राबून पान्याने दाराखाली लोखंडी पायऱ्या बसवल्या, आत धरायला दांडा लावला. दांड्यावर रबर गुंडाळलं, आजोबांच्या हाताला गार लागू नये म्हणून. म्हाताऱ्याने बघितलं आणि म्हणाला, चांगल्या गाडीची बस केलीस. तरी एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला. तसाच उभा राहिला. मग उतरला.

पान्याने मग काही विचारलं नाही. वाकला, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि उचलून सीटवर ठेवला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं समोर उभी. त्यांनी माना फिरवल्या, ते जास्त वाईट. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. उतरवताना पण तसंच, आणि परत येताना पण.

घरी आल्यावर एवढंच म्हणाला की टायरसुद्धा लोळवत नेतात, असा उचलत नाहीत.

पान्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, हलके झालेत गं फार. मी म्हटलं, पाणी काढून टाकलंय, हलका होणारच. दुसरं काय सांगणार होते.

२७ जानेवारी, मंगळवार

आज मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात शिंपी मोटार घेऊन आला, आणि म्हाताऱ्याने दारातूनच त्याला सांगितलं की नातू नेणार आहे. नातवाला सांगितलं की शिंपी नेणार आहे. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर दोघेही गेलेले आणि हा खुर्चीत, पाय स्टुलावर.

पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि खड्डा तसाच राहतो. आडवं झालं की धाप लागते म्हणून बसून झोपतो. मी रडत नाही, मला येत नाही ते. मी खूप बोलले. सून बोलली. मुलगा बोटीवर असतो, त्याला फोन लावला, तो तिथून ओरडला. बापाच्या कानाला मी फोन धरला, बाप भिंतीकडे बघत राहिला. शेवटी मुलगा मलाच म्हणाला, आई, तू काय करतेस तिथे? मी काय करते. मी पाणी मोजते. एवढ्या वजनाच्या माणसाला मी उचलू शकत नाही, ढकलू शकत नाही, गाडी मला चालवता येत नाही, आणि आता गाडीत माझं मलाही चढता येत नाही.

नर्सला सांगितलं, गाडी बिघडलीय. ती म्हणाली, तुमचं तर गाड्यांचंच दुकान आहे ना, आजी?

२८ जानेवारी, बुधवार

दुकानात जाऊन पान्यासमोर उभी राहिले. म्हटलं, खाली कर ती गाडी. तुमच्या दोघांच्या हौसेपायी त्याचा जीव जाईल.

पान्या चाकाशी बसला होता. उठला नाही. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"आजी, मी दोनच इंच म्हणत होतो," तो म्हणाला. "आजोबा म्हणाले चार. चार केल्यावर आत बसून बघा म्हटलं, तर बसले. दाराला धरून, कसेबसे, पण बसले. उतरले आणि म्हणाले, अजून दोन."

मी म्हटलं, "बसला होता?"

"चारवर बसले होते."

भिंतीवर त्याच्या नावाची रेघ होती, बाकीच्या सगळ्या रेघांच्या वर, हसण्यासारखी. पान्याने रुमालाने ती पुसायला घेतली. मी म्हटलं, भिंत राहू दे, गाडी खाली घे. जुने पाटे आहेत ना. ताडपत्रीखाली आहेत म्हणाला. रडवेला झाला होता. एवढा मोठा घोडा. म्हणाला, माझंच चुकलं. मी म्हटलं, रडत पाना फिरव, पण फिरव.

उद्या गाडी खाली आली की परवा त्याला कारण उरणार नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पान्या दिवसभर गाडीखाली. पाटे परत बसवले, जुनी चाकं लावली. रस्त्यावरची माणसं विचारत होती, काय झालं, मोडली का. उंच केलेली गाडी खाली आणणारं हे पहिलंच दुकान असेल. नमुना म्हणून ठेवलेली गाडी म्हणजे दुकानाचं तोंड, ते त्याने आपल्या हाताने उतरवलं. दोन गिऱ्हाइकं फिरून गेली. पान्याने वर पण बघितलं नाही. लोखंडी पायऱ्या ठेवल्या, रबराचा दांडा ठेवला. आता ती गाडी पूर्वीपेक्षाही सोपी आहे. मी स्वतः चढून बघितलं. कोणाचा हात न धरता चढले.

म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली.

मला आज जेवण गेलं. बऱ्याच दिवसांनी.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी पान्याने गाडी दाराशी लावली. आमचीच, जुनी, जमिनीला धरून. दार उघडं ठेवलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला, कोणी त्याच्याकडे बघू नये असा.

म्हाताऱ्याची अंघोळ झाली होती. धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. मला वाटलं निघालाच. खुर्चीतून दिसेल तेवढी गाडी त्याने बघून घेतली. "छान बसलेत पाटे," पान्याला म्हणाला. पान्याने बाहेरूनच हो म्हटलं.

मी म्हटलं, "चला."

तो उठला नाही.

मी म्हटलं, आता तर उंची पण नाही. पायऱ्या आहेत, दांडा आहे, मी चढले काल.

"उंचीचं काही नव्हतं गं," म्हातारा म्हणाला.

"मग इतके दिवस काय होतं?"

"तुम्ही सगळे तयार होऊन दारात उभे राहायचात. नाही म्हणवत नव्हतं."

सून आत गेली. पान्याने गाडीचं दार लावलं, इतकं हळू की आवाज आला नाही. मी तिथेच उभी. मी गाडीशी भांडत होते इतके दिवस. पाट्यांशी, टायरांशी, नातवाशी. जिन्याखाली पंपाचा कॉक फिरवायला शिकले आणि वर कपडे भिजले म्हणून त्यालाच बोलले.

मग म्हणाला, "पाणी दे. पेला भरून."

मी नेहमीच्या मापाने दिलं. त्याने पेला हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत माझ्यापुढे धरला. मी भरला. काठोकाठ. माझ्याच हाताने भरला, लिहून ठेवते. तो प्यायला, न थांबता, डोळे मिटून, हनुवटीवरून धुतलेल्या सदऱ्यावर ओघळलं तरी. पेला खाली ठेवला आणि म्हणाला, गार आहे.

मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. डावा हात मांडीवर होता, त्यावर बोट ठेवलं. गुरगुरत होतं, अजून.

आता हे लिहितेय आणि फळीवर फोन वाजतोय. नर्सच असणार, मशीन मोकळं ठेवून वाट बघत असेल. एकदा वाजून थांबला, परत लागला. म्हातारा माझ्याकडे बघतोय, सवयीने. सून दाराशी आली, पान्या आत आला, दोघांचे हात पुढे झाले. मी सांगितलं, खबरदार. कोणी उचलायचा नाही. सर्दी मी सांगितली, गाडी बिघडली मी सांगितलं, माझ्याजवळची कारणं संपली. फोन मी त्याच्या मांडीवर नेऊन ठेवतेय. वाजू दे किती वाजायचा तो. विचारणारी चांगली बाई आहे, आणि उत्तर म्हाताऱ्यानेच द्यायचं, स्वतःच्या तोंडाने, आमच्या सगळ्यांसमोर.